दोन्ही मुली सुखी आहेत

पालघरच्या नोंदणी कार्यालयाबाहेर पत्र्याच्या शेडखाली माझं टेबल आहे. टेबल, संगणक, प्रिंटर आणि पावसाळ्यात प्रिंटरवर टाकायची निळी ताडपत्री. तिथे बसून मी वीस वर्षं लोकांचे कागद लिहिते. भाडेकरार, प्रतिज्ञापत्र, बक्षीसपत्र, हक्कसोड आणि मृत्युपत्र. वकील असेल तर तो सांगेल ते टाईप करायचं, नसेल तर गिऱ्हाईक सांगेल ते, आणि गिऱ्हाईकाला सांगता येत नसेल तर आपणच सुचवायचं. मृत्युपत्रात माझा हात धरणारा त्या शेडखाली कोणी नव्हता. ही बढाई नाही, कबुली आहे.

माझी एक ओळ होती. ती कशी जन्माला आली ते आधी सांगते, कारण पुढचा सगळा संताप त्या ओळीवर आहे.

सफाळ्याकडचा एक म्हातारा आला होता. भातशेती, घर, दोन मुली, एक मुलगा. सगळं मुलाला लिहून द्यायचं होतं. म्हातारा गुडघे चोळत बसला आणि म्हणाला, "बाय, पोरींना वाईट वाटू नये असं कायतरी घाल." मी तेव्हा नवी होते, चार अक्षरं बरी लिहिता येतात याचा तोरा होता. मी टाईप केलं: "माझ्या दोन्ही मुलींचे विवाह मी यथाशक्ती करून दिले असून त्या आपापल्या सासरी सुखी आहेत. त्यांच्या वाट्याची माया मी माझ्या हयातीतच त्यांना पूर्ण दिलेली आहे. सदर मृत्युपत्राबाबत त्यांच्या मनात कोणताही किंतु नाही."

मी वाचून दाखवलं. म्हाताऱ्याने पुन्हा वाचायला लावलं आणि डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी त्याने टोपलीभर पेरू आणून दिले. मी ते पेरू शेडखाली सगळ्यांना वाटले आणि का मिळाले तेही सांगितलं.

मग ती ओळ धावायला लागली. लोक येऊन म्हणायचे, "ती मायावाली ओळ टाका, ताई." पलीकडच्या तिसऱ्या टेबलावरच्या दस्तलेखकाने पेनड्राइव्ह पुढे केला आणि म्हणाला, "तुमचा तो फॉरमॅट द्या ना." मी दिला. हातचं राखून ठेवायची सवय मला नाही, आणि खरं सांगायचं तर मी मागितली जाते आहे याचंच मला सुख होतं.

माझं एक कायमचं गिऱ्हाईक होतं, इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. ते दरवर्षी मृत्युपत्र बदलत, कारण दरवर्षी कोणत्या ना कोणत्या मुलावर रुसलेले असत. प्रिंट निघेपर्यंत मला शिकवत बसायचे. इंग्लंडातली जमीनदार घराणी मृत्युपत्रं कशी करत, हा त्यांचा आवडता विषय. जमीन सगळी थोरल्या मुलाला, एकसंध, तुकडा पाडायचा नाही. धाकट्यांनी फौजेत जावं नाहीतर चर्चमध्ये पाद्री व्हावं. मुलींना ठरवून दिलेली रक्कम, आणि तिचा बोजा जमिनीवरच चढवलेला, म्हणजे भावाला ती बुडवता येऊ नये. विधवेला त्याच जमिनीवरचं एक छोटं घर, ती जिवंत असेपर्यंत. शिवाय पलंग कोणाला, गाद्या कोणाला, चांदीचे चमचे कोणाला, जुन्या मोलकरणीला कोणता झगा, सगळं नावानिशी.

"म्हणजे तिकडेही बायकांच्या वाट्याला चमचेच," मी म्हटलं.

"चमचे खरे, पण नाव घालून," ते हसून म्हणाले. मग माझी ओळ वाचून म्हणाले, "ही त्या साहेबांना सुचली नाही. सुचली असती तर चमचेसुद्धा वाचले असते."

मी तो दिवसभर खुशीत होते. एवढं उघड बोललेलंही मला कळलं नाही, मी ते कौतुक म्हणून घेतलं. अशी मी शहाणी.

त्यानंतर दोनेक वर्षांनी सातपाटीहून एक बाई आली. पन्नाशी उलटलेली, अंगाला सुक्या मासळीचा वास, हातात झेरॉक्स. तिच्या वडिलांचं मृत्युपत्र होतं ते. घर आणि बोंबील वाळत घालायची जागा, दोन्ही भावाला. बाईला वाचता येत नव्हतं. शेजारच्या मुलीकडून वाचून घेतलं होतं आणि खाली लिहिणाऱ्याचं नाव असतं तेही विचारून घेतलं होतं.

"तूच लिवलं हे?"

"हो, मावशी."

"मी सासरी सुखी हाय, असं तुला कोनी सांगितलं?"

"तुमच्या वडिलांनी."

"आनि माज्या मनात किंतू नाय, ते?"

मागे रांग होती. दुपारी वीज जायची वेळ झाली होती. मी म्हटलं, "मावशी, मनावर नका घेऊ. ते तसंच लिहितात."

"तसंच म्हंजे कसं?" बाईचा आवाज चढला. "दादला दर्यात गेला तो आला नाय. धा वर्सं बापाच्या जागेत बोंबील वाळवते नि इकते. आता भाऊस बोलते, जागा रिकामी कर. तू मला इचारलं का एक सबुद?"

मी तिच्या खांद्यावरून मागच्या माणसाला म्हटलं, "बोला, काय करायचंय?" बाईने तो कागद माझ्या कीबोर्डवर ठेवला आणि निघून गेली. कागदाची मागची बाजू कोरी होती. मी ती कच्च्या कामाला वापरली.

हे सगळं मी स्वतः कुठे उभी होते ते न सांगता लिहिलं, म्हणून आता ते सांगते.

माझं लग्न सफाळ्याजवळच्या एका घरात झालं होतं. तीन वर्षं टिकलं. तिथे काय झालं ते मी इथे लिहिणार नाही. एवढंच सांगते की डाव्या कानाने मला अजून कमी ऐकू येतं. तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या आधी बाबा टेम्पो घेऊन आले. आधी निरोप नाही, बोलणी नाहीत. माझी ट्रंक आणि शिलाई मशीन त्यांनी स्वतः टेम्पोत चढवलं. सासरे अंगणात काहीतरी बोलत होते, त्यांच्याकडे बाबांनी बघितलंही नाही. मला म्हणाले, "चल पोरी. तुजं घर हाय तिकडं." मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले आणि बाबा मागे मशीन धरून उभे राहिले, पालघरजवळच्या आमच्या माहीमपर्यंत.

ते घर म्हणजे माहीमची आमची छोटी वाडी. बाबा तारापूरच्या एका कारखान्यात फिटर होते. पाळीच्या नोकरीतून वाचवून त्यांनी ती घेतली होती. दोन खोल्या, ओटी, विहीर, चिकूची झाडं आणि माड. वडिलोपार्जित त्यात काही नाही, सगळं त्यांच्या कष्टाचं. कायद्याने ते कोणालाही देऊ शकत होते, हे मला दुसऱ्या कोणी शिकवायची गरज नाही.

मी आले तेव्हा धाकटा भाऊ शिकत होता. पुढे तो बोईसरला नोकरीला लागला, तिथेच फ्लॅट घेतला, लग्न केलं. आई गेली. बाबा निवृत्त झाले आणि चार वर्षांत त्यांच्या छातीने दगा दिला. शेवटची दोन वर्षं ते खाटेवर होते. सकाळी त्यांचं सगळं उरकून, माडांना पाणी लावून मी पालघर गाठायची आणि संध्याकाळी परत येऊन पुन्हा तेच. भाऊ रविवारी यायचा, सफरचंदं घेऊन. चिकूच्या वाडीत सफरचंदं. दोन तास बसायचा, बाबांचे पाय चेपायचा, मोबाईल बघायचा, जायचा. तो वाईट मुलगा नव्हता. त्याला यायला रविवार मिळायचा, मला जायला कुठलाच वार नव्हता, एवढाच काय तो फरक.

बाबा गेले. तेरावं झालं. त्यानंतर महिन्याभराने भाऊ एकटाच आला, नेहमीच्या रविवारी नाही, बुधवारी. मी चहा टाकला. त्याने बॅगेतून पांढरा लिफाफा काढून ओटीवर ठेवला.

"ताई, बाबांनी मृत्युपत्र केलं होतं. तू वाचून घे. तुझंच काम आहे ते."

"कधी केलं?"

"गेल्या वर्षी. मी त्यांना दवाखान्यात नेलं होतं ना, तेव्हा येताना."

म्हणजे दवाखान्याहून येताना वाटेत कुठेतरी रिक्षा थांबली होती. तो दिवस मला आठवत होता. मी त्या दिवशी घरी होते. दोघं दवाखान्यात गेलेत तर बाबांची खोली सारवून, गाद्या उन्हात घालून घेऊ म्हणून मी टेबल बंद ठेवलं होतं.

मी कागद उघडले. लिहून देणाऱ्याचं नाव, वय, धंदा. मिळकतीचं वर्णन. घर दोन खोल्यांचं, विहीर एक, चिकूची झाडं नऊ, माड अकरा. सर्व मुलाला. आणि मग परिच्छेद चौथा.

"माझ्या दोन्ही मुलींचे विवाह मी यथाशक्ती करून दिले असून त्या आपापल्या सासरी सुखी आहेत. त्यांच्या वाट्याची माया मी माझ्या हयातीतच त्यांना पूर्ण दिलेली आहे. सदर मृत्युपत्राबाबत त्यांच्या मनात कोणताही किंतु नाही."

मला बहीण नाही. कधीच नव्हती. मी एकटी मुलगी, आणि ज्या घरात सुखी नाही असं लिहायला हवं होतं ते सासर मी सोडून जमाना झाला होता. माझ्या नावाचा उल्लेख त्या चार पानांत कुठेही नव्हता. पलंग, मशीन, ट्रंक, काही नाही. होत्या फक्त दोन्ही मुली, सफाळ्याच्या त्या म्हाताऱ्याच्या.

"हे कुठे लिहिलंस?" मी विचारलं.

"तुझ्या इथेच, त्या शेडखाली. तुझ्याकडे कसं लिहायचं? तुलाच वाईट वाटलं असतं." भावाने दुसरा कागद पुढे सरकवला. "आता तलाठ्याची नोटीस येईल, सातबाऱ्यावर माझं नाव चढवायचंय म्हणून. हे संमतीपत्र आहे. तू सही केलीस की लगेच होईल."

"एवढी घाई कसली?"

तो चहाच्या कपाकडे बघत म्हणाला, "एक पार्टी आहे. केळव्याला त्यांचं रिसॉर्ट आहे, त्यांना इथे अजून एक करायचंय. ताई, तुला मी वाऱ्यावर नाही सोडणार. बोईसरला ये. मुलांच्या खोलीत एक पलंग टाकू."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुलांच्या खोलीत एक पलंग! पन्नाशीच्या उंबरठ्यावर मी भाचऱ्यांच्या खोलीत झोपायचं, सकाळी डबे भरायचे आणि कोणी आलं की चहा टाकायचा. मी त्याला म्हटलं, "चहा पी आणि जा." तो गेला. संमतीपत्र मात्र ठेवून गेला, वर दगड ठेवून, उडू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या टेबलावर न बसता थेट तिसऱ्या टेबलावर गेले, कारण कागदाखाली लिहिणाऱ्याचं नाव तिथलंच होतं. तो दस्तलेखक कोणाचा तरी करार प्रिंट करत होता. मी कागद त्याच्यासमोर आपटला.

"माझ्या बापाला किती मुली होत्या?"

त्याने वाचलं. त्याचा चेहरा उतरला. "ताई, फॉरमॅट तुमचाच आहे. तेवढं बदलायचं राहिलं."

"आणि मी इथे पंचवीस पावलांवर बसते, मला सांगायचं राहिलं?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. बाबा स्वतः आले होते."

मी त्याला वाट्टेल ते बोलले. शेडखालची सगळी माणसं ऐकत होती. आयुष्यात मी तिथे आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी कसर भरून काढली. त्याने मान खाली घातली आणि ऐकून घेतलं. वाईट हेच की त्याचं एक वाक्य खरं होतं. फॉरमॅट माझाच होता. आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा मारून घेतात म्हणतात, तसा हा धोंडा मी घडवून, घासूनपुसून, पेनड्राइव्हवर घालून दिला होता.

तरी एक गोष्ट मी धरून ठेवली होती. बाबांनी ते वाचलंच नसणार. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता, दमायचे, दवाखान्यातून आलेले. भावाने सांगितलं असेल, इथे सही करा, आणि केली असेल. ज्या माणसाने टेम्पोत उभं राहून माझं मशीन सांभाळलं तो हे वाचून सही करणार नाही. मी सगळा राग भावावर आणि त्या दस्तलेखकावर ठेवला आणि बाबांना बाजूला काढलं. त्यामुळे मला जेवण जात होतं.

तलाठ्याची नोटीस आली. हरकत असल्यास पंधरा दिवसांच्या आत कळवावी. हरकत घ्यायची तर हाती पक्का कागद हवा म्हणून मी नोंदणी कार्यालयातून मृत्युपत्राची नक्कल काढायला अर्ज केला. भावाने मला दिलेला होता तो सहीआधीचा मसुदा. नक्कल निघते ती सही होऊन नोंदलेल्या कागदाची.

नक्कल हाती आली ती मी उभ्याउभ्याच वाचली. दुसऱ्या पानावर, मिळकतीच्या वर्णनात, "माड अकरा" यातल्या अकरावर आडवी रेघ होती. वर निळ्या शाईत लिहिलं होतं, "तेरा." आणि बाजूला समासात बाबांची सही. ती थरथरती, पण ठासून केलेली सही मी कुठेही ओळखेन. विहिरीमागचे दोन माड मसुद्यात राहून गेले होते. बाबांनी ते पकडले होते.

मग मी तिसरं पान उलटलं. परिच्छेद चौथा. दोन्ही मुली. त्याच्यावर रेघ नाही, काही नाही. पानाच्या खाली त्याच निळ्या शाईत सही.

बाबांनी वाचलं होतं. मोतीबिंदूच्या डोळ्याने, दमलेल्या छातीने, ओळ न् ओळ वाचलं होतं. माड मोजले होते. चुकले ते दुरुस्त केले होते.

मी भावाला फोन लावला. "बाबांनी मुलींचं वाचलं होतं?"

पलीकडे कारखान्यातला आवाज येत होता. भाऊ बाजूला गेला असावा, कारण आवाज कमी झाला. "हो," तो म्हणाला. "मीच दाखवलं त्यांना. म्हटलं, बाबा, इथे दोन मुली लिहिल्यात."

"मग?"

"म्हणाले, र्‍हाऊ दे, ते तसंच लिवतात."

मी फोन ठेवला. माझ्या तोंडचे शब्द ते. मी सातपाटीच्या बाईला तेच म्हटलं होतं, आणि बाबांच्या तोंडून ते माझ्याकडे परत आले होते. भावाचा राग मला येत होता, पण तो परवडणारा राग होता. बाबांचा राग कुठे ठेवायचा ते मला कळेना. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही. त्याची खाट तशीच होती, पितळी पेला तसाच होता, आणि मी त्या खोलीच्या दारात उभी राहून मोठ्याने म्हणाले, "माड मोजलेत! माड बरे मोजता आले!" शेजारीण कुंपणापाशी आली, काय झालं म्हणून. मी काही नाही म्हटलं.

पुढचे आठ दिवस मी कशी वागले ते सांगायला लाज वाटते. मी ढेपाळले. वाटलं, आता भांडायचं कोणासाठी? ज्याचं होतं त्याने समजून सवरून दिलं. उगाच हरकत घ्या, तारखा घ्या, लोकांत हसं करून घ्या, शेवटी कोर्ट म्हणणार कागद नोंदलेला आहे. सकाळी माडांना पाणी लावताना मीही ते मोजत होते. तेराच भरायचे. एका सकाळी मी दगड उचलून संमतीपत्र बाहेर काढलं, सही करून देऊन टाकायचं म्हणून पर्समध्ये ठेवलं आणि पालघरला निघाले. नोटिशीचा चौदावा दिवस होता.

स्टेशनजवळच्या बाजारातून मी जाते, तो माझा रोजचा रस्ता. त्या दिवशी मासळीच्या बाजूला ती दिसली. सातपाटीचीच बाई. पुढ्यात सुक्या बोंबलांचा ढीग, डोक्यावर छत्री बांधलेली. मी थांबले. मी का थांबले ते मला आजही नीट सांगता येत नाही. काहीतरी घ्यायचं म्हणून थांबले असेन.

तिने मान वर केली आणि मला लगेच ओळखलं. अशी माणसं विसरत नाहीत.

"काय गो, लिवनारी बाय. बोंबील देऊ?"

"मावशी," मी म्हटलं, "माझ्या बापाने पण तसंच लिहिलं."

"कसं?"

"तुमच्या बापाने लिहिलं तसंच. तीच ओळ. मी लिहिलेली."

मला वाटलं, हसेल. तिला हसायचा पूर्ण हक्क होता. जशास तसं मिळालं, बरं झालं, असं काही म्हणेल. ती हसली नाही. बोंबलांवरच्या माश्या हाकलत तिने विचारलं, "मंग? तू काय केलं?"

"अजून काही नाही. तुम्ही काय केलं होतं?"

"मी काय करनार? मला कुटं लिवता येते?" तिने माझ्याकडे रोखून बघितलं. "इथं उनात बसली. भाऊसने जागेत खोल्या बांदल्या नि भाड्याने दिल्या. तुला तं लिवता येते ना? तुज्या मनात किंतू हाय का नाय?"

वीस वर्षं मी लोकांच्या मुलींच्या मनात काय नाही ते लिहीत होते. माझ्या मनात काय आहे ते मला पहिल्यांदा कोणीतरी विचारत होतं, आणि ते विचारणारी ही बाई होती, जिच्या कागदाची मागची बाजू मी कच्च्या कामाला वापरली होती.

"हाय," मी म्हटलं.

"मंग लिव की."

मी तिची माफी मागितली, वेडीवाकडी, बाजारात उभ्याउभ्या. ती म्हणाली, "ते जाऊ दे, वाटा घे एक." मी दोन वाटे घेतले.

टेबलावर जाऊन मी आधी तो फॉरमॅट उघडला आणि परिच्छेद चौथा पुसून टाकला. त्याने काही होत नाही, हे मला माहीत आहे. ती ओळ आता डहाणूपासून वसईपर्यंत कोणाकोणाच्या संगणकात आहे, आणि कोणाकोणाच्या मुली तिच्यात सुखी आहेत. मग मी हरकतीचा अर्ज लिहायला घेतला. लोकांचे शेकडो अर्ज लिहिले, पण स्वतःचा लिहिताना पहिल्या ओळीवर अर्धा तास गेला. शेवटी मायना बाजूला ठेवला आणि सरळ लिहिलं.

पंधराव्या दिवशी मी तलाठी कार्यालयात गेले. तिथला कारकून मला ओळखतो, मीच त्याच्याकडे लोकांना पाठवते. त्याने अर्ज घेतला आणि वाचत गेला.

"मी मयताची एकुलती एक मुलगी असून गेली पंचवीस वर्षे याच घरात राहते. मयतास दोन मुली नव्हत्या. असल्यास दुसरीस हजर करावे. मी सासरी सुखी नाही, मला सासर नाही. मृत्युपत्रातील परिच्छेद चार हा मयताचा नसून माझा आहे, तो मी दुसऱ्याच एका माणसासाठी लिहिला होता आणि तो तेव्हाही खोटा होता. मयतास माडांची संख्या चुकलेली दिसली व त्यांनी ती दुरुस्त केली. मुलीबाबतची चूक त्यांना दाखवूनही त्यांनी दुरुस्त केली नाही. ती दुरुस्त करून मिळावी."

कारकुनाने चष्मा काढला. "ताई, हे टिकणार नाही. मंडळ अधिकारी म्हणतील कोर्टात जा. आणि हे खाली, हरकतीचं कारण म्हणून काय लिहिलंय?"

"वाचा ना."

त्याने वाचलं. "मुलीच्या मनात किंतु आहे." मग माझ्याकडे बघून हलक्या आवाजात म्हणाला, "असं कारण कोणी लिहीत नाही, ताई."

"माहीत आहे," मी म्हटलं. "शिक्का मारा आणि पोच द्या."